सायकलस्वाराची शिदोरी

आपल्या इंदूरच्या मराठी पंगतींत गेल्या काही वर्षांत एक नवा देखावा दिसू लागला आहे. वाढपी भाताची मूद घेऊन येतो आणि चार पानांमागे एका पानावर हात आडवा होतो. पुढे जिलब्यांचे ताट येते, तिथेही तोच हात. पूर्वी असा आडवा हात म्हणजे आग्रहाला आमंत्रण असे. हल्ली तो खराखुरा नकार असतो. शेजारी बसलेला गृहस्थ कौतुकाने विचारतो, "काय, कीटो का?" आणि मग मठ्ठा येईपर्यंत संभाषणाला दुसरा विषय लागत नाही.

दुसरा देखावा पहाटेचा आहे. पाच-साडेपाचच्या सुमारास महूच्या किंवा खंडव्याच्या रस्त्याला उभे राहावे. डोक्यावर टोप, सायकलीच्या पाठीला लुकलुकणारा तांबडा दिवा, असे तरुण-तरुणींचे थवे सुळकन निघून जातात. त्यांत आपल्या ओळखीच्या घरांतली मुले असतात, मुली असतात, क्वचित पन्नाशी ओलांडलेले त्यांचे वडीलही असतात.

या दोन्ही चाली आपापल्या जागी चांगल्या आहेत. पंचाईत होते ती दोन्ही एकाच अंगात एकदम शिरल्या म्हणजे. त्या पंचाइतीविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

संगीत शिकवणाऱ्या माणसाने आहारावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे वडील होळकर दरबाराच्या अखेरच्या वर्षांत तबल्याच्या साथीला बसत. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. आमच्या घरी गाण्याच्या आधी किती खावे, काय खावे, यावर सुरांइतकीच चर्चा चाले. भरल्या पोटी दमसास राहत नाही आणि रिकाम्या पोटी तान टिकत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा देह आणि त्याचे इंधन हा विषय मला अगदीच परका नाही. शिवाय माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांपैकी तिघे-चौघे आता तंबोऱ्याइतकेच सायकलीचेही वेडे आहेत.

आधी त्या आडव्या हाताची बाजू ऐकू, कारण ती लटकी नाही. पिठूळ आणि गोड पदार्थ तोडून वजन उतरवण्याची कल्पना आजची नव्हे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा प्रेतयात्रांची व्यवस्था करणारा एक स्थूल गृहस्थ होता. वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली, तो हलका झाला आणि १८६३ साली त्याने आपला अनुभव एका पुस्तिकेत छापला. ती इतकी खपली की वजन उतरवण्याच्या या रीतीला त्याचेच नाव पडले. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टर वाइल्डर यांनी अपस्माराच्या रोग्यांसाठी कीटो आहार सुचवला. आज लग्नाच्या पंगतीत ज्याचे नाव निघते, तो असा मूळचा रुग्णालयातला आहे. १९७२ साली डॉक्टर ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला.

आपल्या मराठी मुलखात ही चर्चा निराळ्या वाटेने आली. नागपूरचे कै. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि त्यांचा धागा पुढे नेणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचारातून दिवसातून दोनदाच जेवण्याची, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवण्याची आणि पंचेचाळीस मिनिटे भरभर चालण्याची पद्धत घराघरांत पोहोचली. ही पद्धत काटेकोर अर्थाने कमी पिठाची नव्हे, वेळांची आहे. पण मधल्या वेळचे चहा-बिस्कीट आणि फरसाण तिने बंद केले, म्हणजे परिणामी साखर नि मैदा कमी झालाच. उलट बाजूने ऋजुता दिवेकरांसारख्या आहारतज्ज्ञांनी भात, तूप, पोहे या घरच्या अन्नाची कैफियत मांडली. आपल्या घरांतील सासवा-सुनांच्या वादात ही दोन्ही मते हिरिरीने मांडली जातात, हे वाचकांना ठाऊक असेलच.

या सर्वांमागे भय आहे, आणि ते सकारण आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीतून २०२५ साली असेही पुढे आले की, आपण दिवसभरात जे उष्मांक खातो, त्यांतील सुमारे ६२ टक्के पिठूळ नि गोड पदार्थांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा फार तोकडा असतो. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी वरण-भात-पोळी, संध्याकाळी कचोरी आणि रात्री सराफ्यात गराडू नि रबडी, असा ज्यांचा दिवस आणि खुर्चीवर बसून ज्यांचा व्यवसाय, त्यांनी भाताला हात आडवा केला तर त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकांची साखर त्याने उतरली आहे.

आता प्रश्न असा, की जो औषधाचा घोट वडिलांना मानवला, तो मुलाच्या शिदोरीत बांधून द्यावा काय?

माझ्या एका शिष्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. वय चोविसाच्या आसपास, कचेरीत संगणकावर काम, गळा गोड, अंगकाठी शेलाटी. त्याच्या वडिलांना मधुमेह. त्यांनी भात, साखर, बटाटे सोडले आणि त्यांची प्रकृती सुधारली. ते पाहून चिरंजिवांनीही भीतीने म्हणा, भक्तीने म्हणा, तेच व्रत घेतले, आणि वडिलांपेक्षा चार पावले पुढे जाऊन घेतले. दिवसाला पन्नास ग्रॅमहून कमी कर्बोदके. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, मध्यम आकाराच्या पोळीत वीसएक ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे दोन पोळ्या आणि थोडी भाजी झाली की दिवसाचा हिशेब मिटला. याच सुमारास त्याने दोनशे किलोमीटरांच्या सायकल-सफरीत नाव घातले आणि सरावाला म्हणून महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर अशी जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरांहून लांब वाट धरली. बरोबर शिदोरी काय? बदाम, पनीरचे तुकडे आणि बाटलीत लोणी घातलेली कॉफी.

जाताना उतार आहे. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना सायकल आपोआप धावते, वारा कानांत शिरतो, नर्मदामाईचे दर्शन होते. सारे छान झाले. परतताना मात्र तोच घाट छातीवर येतो. अर्ध्या चढावर या मुलाचे पाय एकाएकी बंद पडले. दुखले नाहीत, पेटके आले नाहीत, नुसते थांबले. अंगाला घाम नि थंडी एकदम, डोळ्यांपुढे अंधारी, बरोबरच्या मित्राने काय विचारले ते कळेना आणि उगाच त्याचा राग येऊ लागला. ट्रकची वर्दळ असलेल्या वळणावर ही अवस्था किती धोक्याची, हे सांगायला नको. मित्राने त्याला कडेला बसवले. जवळच एक चहाची टपरी होती. तिथल्या बाईने विचारपूस न करता दोन केळी आणि भरपूर साखरेचा चहा पुढे केला. वीस-पंचवीस मिनिटांत त्याला माणसे ओळखू येऊ लागली. घरी तो मालवाहू टेम्पोत सायकल टाकून आला. संध्याकाळी त्याची आई माझ्याकडे आली. "गुरुजी, घरात वरण-भात शिजतो आणि पोरगं रस्त्यावर उपाशी पडतं. तुमचं ऐकतो तो, तुम्ही सांगा," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

सांगायचे म्हणजे आधी समजून घ्यायला हवे. म्हणून मी जे वाचले, ते इथे सोपे करून देतो.

आपल्या देहात इंधनाची दोन कोठारे आहेत. एक चरबीचे. बारीक माणसाच्या अंगातही सत्तर-ऐंशी हजार कॅलरी पुरतील एवढी चरबी असते. त्या कोठाराचा तळ एका दिवसात कुणाला दिसत नाही. दुसरे ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचे. ते लहान आहे: साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी. जोराने सायकल मारली तर दोन-तीन तासांत ते रिते होते.

मग मोठे कोठार असताना लहान्यावर अवलंबून का राहायचे? संगीताच्या भाषेत सांगायचे तर चरबी ही विलंबित लयीची इंधन आहे आणि साखर द्रुत लयीची. सावकाश सपाट रस्त्याने जाताना देह बहुतांशी चरबी जाळतो. चढ आला, वारा समोरून आला, पुढच्या गड्याला गाठायचे झाले, की लय वाढते आणि स्नायू साखर मागू लागतात. चरबी तेवढ्या वेगाने जळत नाही. शिवाय श्वासाचा हिशेब आहे. एक लिटर प्राणवायू खर्चून साखरेपासून सुमारे ५ कॅलरी शक्ती मिळते, चरबीपासून सुमारे ४.७. फरक थोडा दिसतो. पण घाटात जेव्हा प्रत्येक श्वास मोजून घ्यावा लागतो, तेव्हा तो थोडा राहत नाही. गाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता, हे केवळ तर्काने ठरलेले नाही. सायकल हेच या शास्त्राचे प्रयोगपात्र आहे. १९३९ साली डेन्मार्कमध्ये ख्रिस्टेन्सन आणि हॅन्सन या दोघांनी माणसांना काही दिवस निरनिराळा आहार देऊन स्थिर सायकलीवर बसवले. पिठूळ आहारावर असलेला माणूस चरबीयुक्त आहारावरच्या माणसापेक्षा दुपटीहून अधिक वेळ पायडल मारू शकला. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या डॉक्टरद्वयाने तर स्वतःलाच प्रयोगाला जुंपले. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने आपला एकेकच पाय थकेपर्यंत चालवला. नंतर तीन दिवस भरपूर पिठूळ अन्न खाल्ले आणि मांडीत सुई घालून स्नायूचा कण काढून तपासला. दमलेल्या पायात साखरेचा साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता! म्हणजे जो पाय राबला, त्यानेच अन्न ओढून घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोजले, की तेवढ्याच जोराने पायडल मारताना मांस-चरबीच्या आहारावर माणसे सरासरी ५७ मिनिटे टिकली, मिश्र आहारावर ११४ मिनिटे आणि पिठूळ आहारावर १६७ मिनिटे.

विरुद्ध पक्षाचा पुरावाही सांगितला पाहिजे. १९८३ साली अमेरिकेत डॉक्टर फिनी यांनी पाच कसलेल्या सायकलस्वारांना चार आठवडे कीटो आहारावर ठेवले. त्यांची मध्यम वेगाने टिकून राहण्याची सरासरी शक्ती घटली नाही. देह चरबी जाळायला शिकला. तेव्हा सवयीने काहीच होत नाही, असे नव्हे. मात्र वेग वाढवायचा झाला की गाडे अडते. २००६ साली दक्षिण आफ्रिकेत शंभर किलोमीटरांच्या चाचणीत चरबीच्या आहाराला सरावलेल्या सायकलस्वारांची मधल्या एक-एक किलोमीटरच्या झपाट्यांतली ताकद उणी भरली. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या शर्यती चालणाऱ्या खेळाडूंवर प्रयोग केला, तो २०१७ मध्ये छापून आला. तीन आठवड्यांत कीटोवाले चरबी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक जाळू लागले. पण तेवढ्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला, आणि इतरांची शर्यत सुधारली तरी त्यांची सुधारली नाही. दक्षिण आफ्रिकेचेच प्राध्यापक टिम नोक्स यांची गोष्ट बोलकी आहे. धावपटूंनी कर्बोदके खावीत असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या या विद्वानाला स्वतःला मधुमेह जडला आणि त्यांनी कमी कर्बोदकांचा पक्ष घेतला. त्यांच्या देहाला तो आहार आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु एका मधुमेही प्राध्यापकाचे पथ्य पंचविशीतल्या निरोगी सायकलस्वाराला जसेच्या तसे लागू पडेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मराठी माणसाने सायकलीवर काय केले आहे, हेही या निमित्ताने आठवावे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची रीत आहे. घाटाचे महत्त्व आपल्या लोकांनी केव्हाच ओळखले होते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या चमूने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. पुढल्या वर्षी ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत, नऊ हजार किलोमीटरांहून अधिक, सायबेरिया ओलांडून गेले. अशा शर्यतींत सायकलस्वाराच्या मागे एक मोटार चालते आणि तिच्यातून त्याच्या हाती ठरावीक वेळाने खाणे-पिणे पडत राहते. झोप कमी करता येते. खाणे कमी करता येत नाही.

आपल्याकडील मुले ज्यांत भाग घेतात, त्या 'ब्रेव्हे' नावाच्या सफरी फ्रेंच परंपरेतल्या. दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस, अशी त्यांची मुदत असते. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा कुणी नसतो. मुदतीत पोहोचले म्हणजे झाले. त्यांची काशी म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरांची वारी, जी १८९१ मध्ये प्रथम निघाली. तिच्या सन्मानार्थ १९१० साली एका फ्रेंच हलवायाने सायकलीच्या चाकाच्या आकाराची, मलईने भरलेली मिठाई केली. ती आजही 'पॅरिस-ब्रेस्ट' याच नावाने विकली जाते. सायकलीला मिठाईने मानवंदना देणाऱ्या त्या हलवायाचे आपल्या सराफ्यात स्वागतच झाले असते.

आता प्रत्यक्ष शिदोरी. लांबच्या वाटेवर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा जाणकारांचा सर्वसाधारण सल्ला आहे. अडीच-तीन तासांहून लांब आणि जोराच्या प्रवासाला ९० ग्रॅमपर्यंत. इथे एक गंमत आहे. ग्लुकोज ही साखर आतड्यातून रक्तात शिरते त्या दाराची क्षमता तासाला साठेक ग्रॅमची. त्याहून जास्त कोंबले तर पोटात गडबड. पण फळातली साखर, फ्रुक्टोज, निराळ्या दाराने आत जाते. दोन्ही मिसळून घेतल्या की जास्त माल पोहोचतो. परदेशांत त्यासाठी महागडी पाकिटे मिळतात. आपल्या गुळात नि साखरेत ही दोन्ही अर्धी-अर्धी जोडलेली असतात.

तेव्हा हिशेब असा. एक मध्यम केळे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. सुपारीएवढे दोन-तीन गुळाचे खडे, तीस ग्रॅम वजनाचे, म्हणजे तितकेच. चार-पाच खजूर म्हणजे पुन्हा पंचवीस. उकडलेला बटाटा मीठ लावून, शंभर ग्रॅमला वीस. आणि माझ्या मते सर्वांत उत्तम म्हणजे आजीने शाळेत जाताना हाती दिलेली गूळ-तुपाची पोळीची सुरळी: एका सुरळीत पस्तीस-चाळीस ग्रॅम. तूप बेताचे लावावे, कारण चरबी पोटातून सावकाश सरकते. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू हेही चालतात. भूक लागण्याची वाट पाहू नये. अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडे थोडे खावे. आणि हा रियाज आधी छोट्या फेऱ्यांत करावा, कारण चालत्या सायकलीवर खाणे पोटालाही शिकावे लागते.

आदल्या रात्री वरण-भात किंवा दहीभात, पोटभर. सकाळी निघण्यापूर्वी दोन-अडीच तास पोहे. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत पंचाहत्तर ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, म्हणजे आपला इंदुरी नाश्ता मूळचाच सायकलस्वाराचा आहे. वरची शेव थोडी आवरावी. दाल-बाफले मात्र परतल्यानंतरच. तुपात बुडवलेले चार बाफले खाऊन घाट चढायला निघणाऱ्याला घाट क्षमा करीत नाही.

पाण्यासोबत मीठ विसरू नये. निमाडच्या उन्हात घामावाटे मीठ जाते, आणि नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन चक्कर येते. लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी सर्वांत सोपे. साखर आतड्यातून जाताना मिठाला नि पाण्याला बरोबर नेते. जुलाबाच्या रोग्यांना जीवदान देणारे क्षार-साखरेचे पाणी याच तत्त्वावर आहे. परतल्यावर भात-पोळीसोबत प्रथिने हवीत: मटकीची उसळ, पिठले, दही. आपल्या शाकाहारी घरांत हाच भाग अनेकदा कमी पडतो.

एवढे वाचून रविवारी सकाळी वीस किलोमीटर फिरून छप्पन दुकानावर पोहे-जिलबीच्या दोन-दोन प्लेटी उडवणाऱ्या मंडळींनी आनंदून जाऊ नये. तासाभराच्या रपेटीला अंगातले कोठारच पुरते. वाटेत पाणी घेतले तरी खूप झाले. शिदोरी लांब वाटेची आहे.

दोन इशारे गंभीरपणे देतो. पहिला मधुमेह्यांना. सायकल त्यांनी जरूर चालवावी. २०१३ पासून शर्यतीत उतरलेल्या 'टीम नोवो नॉर्डिस्क' या संघातील व्यावसायिक सायकलस्वार सगळेच मधुमेही होते आणि रस्त्यावर गरजेप्रमाणे साखर खाणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. पण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज लांब निघू नये, खिशात गूळ किंवा ग्लुकोज ठेवावे. आणि ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्या घेत असताना कर्बोदके एकदम तोडली तर रक्त आम्लयुक्त होऊन जिवावर बेतू शकते. हे काम घरच्या सल्ल्याचे नव्हे.

दुसरा इशारा मुलींच्या आयांना. भरपूर सायकल आणि अपुरे अन्न असे चालले, तर मुलीची पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. मुलांतही थकवा, वारंवार आजारपण अशी लक्षणे दिसतात. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला वेगळे नाव देऊन खेळाडूंना सावध केले. मुलगी बारीक झाली म्हणून कौतुक करण्यापूर्वी ती पुरेसे जेवते का, हे विचारावे.

खरे पाहता माणसामाणसाचे ताट वेगळे असावे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. तालमीतल्या पैलवानाचा खुराक वेगळा, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वेगळे, आजोबांची मऊ खिचडी वेगळी, हे आपल्या स्वयंपाकघरांनी न शिकवता सांभाळले. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. ती आणि इतर गिरण्या चालू होत्या तोवर पाळीच्या वेळी रस्ते सायकलींनी भरून जात. त्या कामगाराच्या डब्यात पोळ्यांची चळत, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा असे. त्याला पोळ्या मोजायला कुणी सांगितले नाही, कारण त्या सायंकाळपर्यंत खर्ची पडत. आपण खुर्चीवर बसलो आणि त्याचीच चळत खात राहिलो, म्हणून आजार आले. आता मुले पुन्हा सायकलीवर बसली आहेत आणि आपण त्यांना खुर्चीवाल्याचे ताट वाढतो आहोत.

माझ्या त्या शिष्याच्या घरी हल्ली दोन ताटे होतात. वडिलांच्या ताटात उसळ, भाजी, दही नि एक ज्वारीची भाकरी. मुलाच्या ताटात आडवार असला तर एवढेच, पण फेरीच्या आदल्या रात्री भाताचा डोंगर. आईला थोडे काम वाढले आहे. पण दोन्ही ताटे रिकामी होऊन परत येतात, हे पाहून ती समाधानी आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने दोनशे किलोमीटर मुदतीत पुरे केले. त्याच्या खिशात गूळ-पोळीच्या चार सुरळ्या होत्या, असे त्याने मला सांगितले, आणि चौथी त्याने जाम घाटाच्या त्या टपरीवाल्या बाईला दिली.